पाणबुडीवर पाडलेला उजेड

तीर्थरूप ताई,

सप्तांग नमस्कार. (आठवं अंग गुडघे. ते सध्या रजेवर आहेत, आणि तू मोठ्या मनाची आहेस.) तुझा रक्तदाब, भावोजींची कंबर आणि तुमच्या जिन्याखाली मुक्कामाला आलेली मांजर, तिघेही आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो.

आधी तक्रार, मग खुशाली. गेल्या मंगळवारी तुझ्या भावजयीने माझ्या खोलीचा पडदा धुतला. वाक्य छोटं आहे, पण सावकाश वाच. अकरा वर्षं तो पडदा धुतला गेला नव्हता, आणि त्या अकरा वर्षांत त्याने जो दाटपणा कमावला होता तो कुठल्याही दुकानात वारावर मिळत नाही. आता त्यातून समोरचा शिंपी कोणत्या रंगाचा दोरा ओवतो आहे ते दिसतं. ही म्हणते, पडदा स्वच्छ झाला. मी म्हणतो, पडदा निवर्तला. मला असा सुतकी चेहरा करून बसलेला पाहून तिने विचारलं, "अहो, पण भर दुपारी दोन वाजता तुम्हाला अंधार हवाय कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र जरा लांबचं आहे, म्हणून ते तिला न देता तुला देतो.

ताई, मी पाणबुड्या शोधतो. घाबरू नकोस, संगणकावर शोधतो. विमान चालवण्याचा एक खेळ असतो, सिम्युलेटर म्हणतात त्याला. (खेळ म्हटलेलं आमच्यातल्या कोणालाही चालत नाही, पण तू घरची.) शाळा सकाळची, नववीच्या संस्कृतच्या वर्गात मुलं सात, त्यातली दोन खिडकीजवळ बसायला मिळतं म्हणून आलेली, तेव्हा दुपार मोकळीच असते. आमचं तिघांचं मंडळ आहे. प्रमुख आमचे दंतवैद्य, ते वैमानिक. दुसरा आपला नळदुरुस्तीवाला, तो पाणबुडीचा कप्तान. (आयुष्यभर लोकांच्या घरी गळती थांबवल्यावर माणसाला एकदा तरी पूर्ण पाण्याखाली जावंसं वाटत असेल.) तिसरा मी. माझ्याकडे खातं आलं तेजाचं. म्हणजे फ्लेअरचं.

फ्लेअर काय ते सांगतो, भावोजींनाही वाचून दाखव. महायुद्धात पाणबुड्या रात्री वर यायच्या, बॅटऱ्या भरून घ्यायला आणि मोकळी हवा घ्यायला. विमानातल्या यंत्राला त्या लांबून कळायच्या, पण अगदी जवळ गेलं की यंत्र आंधळं व्हायचं आणि उरायचे माणसाचे डोळे आणि काळाकुट्ट समुद्र. मग विमानाच्या शेपटीकडे एक उतरती नळी असे, तिच्यातून एक माणूस हे दिवे खाली सोडी. छोट्या पॅराशूटला टांगलेला दिवा, तीन-चार मिनिटं जळत जळत, डुलत डुलत खाली येणारा. तो पाणबुडीच्या पलीकडे पडला पाहिजे, म्हणजे पाणी चांदीसारखं लखलखतं आणि त्यावर पाणबुडी काळी उमटते. अलीकडे पडला तर पाणबुडीला तुम्ही दिसता, आणि मग संभाषण वेगळ्या दिशेला जातं.

आमच्या सिम्युलेटरमध्ये त्या काळचं विमान आहे, त्याच्या खुर्चीवरचे टाके आहेत, वैमानिकाच्या हातमोज्यावरचं तेलसुद्धा आहे. फक्त फ्लेअर नव्हता, तो प्रोग्राम लिहून मी बनवायचा होता. दंतवैद्यांनी शनिवारी मोठी मोहीम ठरवली होती, देशोदेशीचे चाळीसेक लोक भाग घेणार होते. त्यांनी मला निक्षून सांगितलं, "शास्त्रीबुवा, शनिवारपर्यंत तुमचा दिवा पेटला तर ठीक, नाहीतर आपण पौर्णिमेच्या चांदण्यात जाऊ आणि फ्लेअरचा विषय कायमचा बंद." दाढ काढायची की ठेवायची हे ज्या आवाजात सांगतात, अगदी त्या आवाजात. चांदण्यात! म्हणजे युद्ध की सहल? मी पेटून उठलो.

पहिला फ्लेअर मी सोडला तो खाली पडेचना. विमानाच्या पोटाखाली, विमानाच्याच वेगाने, लग्नाच्या वरातीतल्या बत्तीवाल्यासारखा तो आमच्याबरोबर साठ मैल आला. दुसऱ्याच्या वेळी उणे चिन्ह एका जागेऐवजी दुसऱ्या जागी पडलं, आणि तो स्वर्गारोहणाला निघाला. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो, कारण दिसत होता फार सुरेख. तिसरा शिस्तीत खाली आला, पाण्याला टेकला, आणि विझायचं सोडून जळतच आत गेला. त्याने समुद्राचा तळ उजळला. तिथे काहीही नव्हतं, ताई. बनवणाऱ्यांनी तळ केलाच नव्हता, नुसता करडा रंग होता, आणि त्यात नळदुरुस्तीवाल्याने कधीतरी गंमत म्हणून ठेवलेला एक तोटीचा नळ.

चौथ्याने मला दर्शनशास्त्रात नेलं. सगळं बरोबर झालं होतं. नळी, पॅराशूट, धूर, डुलणं. आणि समुद्र काळाच्या काळा. तुला आठवतं, मी परीक्षेसाठी घोकायचो, अंधार हे स्वतंत्र द्रव्य आहे की नुसता तेजाचा अभाव? नैयायिक म्हणतात अभाव. मीमांसक म्हणतात छे, द्रव्यच, दिसतं ना डोळ्यांना? मी आजवर नैयायिकांच्या बाजूने होतो, कारण आमचे गुरुजी होते. पण संगणकात, ताई, मीमांसक जिंकतात! तिथे रात्र होते म्हणजे उजेड जात नाही. समुद्राला वरून काळा रंग फासतात. काळ्या रंगावर कितीही उजेड टाका, काळाच दिसणार. मग मी तीन दुपारी बसून तो अंधार बोटभर बोटभर खरवडून काढला. इतका आनंद मला पदवीच्या दिवशीही झाला नव्हता. मी ओरडलो, "अगं, अंधार द्रव्य आहे!" आतून उत्तर आलं, "मग पुसून काढा."

आता उरला एकच आकडा, दिव्याची तीव्रता. जुन्या काळची एक प्रशिक्षण-पुस्तिका दंतवैद्यांनी कुठून तरी मिळवली होती, तिच्यात तो दिलेला होता. पण नेमका त्या आकड्यावर सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कोणीतरी कप ठेवलेला. गोल डाग, आणि डागाच्या मध्यभागी माझं भवितव्य. तेव्हा ठरलं, आकडा डोळ्यांनी ठरवायचा. कोणाच्या? तेजाचं खातं ज्याचं त्याच्या. पाणबुडी दिसली की थांबायचं.

मी चाळीसपासून सुरुवात केली. दिसेना. नळदुरुस्तीवाला फोनवर सांगतोय, "गुरुजी, मी समोरच आहे, शिडीवर उभा राहून हात हलवतोय." मी म्हटलं, हलव बाबा. शंभर केला. दीडशे. "गुरुजी, तुम्ही आता माझ्या डोक्यावरून गेलात." तीनशे केला. पाचशे. आणि नऊशेला, ताई, काय सांगू! एकदम पाणी लखकन उजळलं, लाटेची सुरकुती अन् सुरकुती दिसायला लागली, आणि त्यांच्या मधोमध ती, काळी, आगपेटीतल्या काडीएवढी, मागे पांढऱ्या फेसाची रेघ ओढत जाणारी. माझ्या अंगावर काटा आला. थंडीने काकडत त्या नळीपाशी उभा राहणारा कोण कुठला पोरगेलासा सैनिक, त्याला जे दिसलं असेल ते मला दिसत होतं, आणि ते मी केलं होतं! मी हिला हाक मारली. ही आली, दारातच थबकली आणि डोळ्यांवर पदर घेतला. "अहो, वेल्डिंग करताय का खोलीत? काय हा उजेड पाडलाय!"

मी ती प्रशंसा समजलो. पण दुसऱ्या दिवशी दंतवैद्यांचा निरोप आला: तीस मैलांवरून जाणाऱ्या दुसऱ्या विमानातल्या सभासदाने तक्रार केली आहे, त्याला काळा चष्मा लावावा लागला. नळदुरुस्तीवाला म्हणाला, "गुरुजी, मी पाणबुडीच्या आत होतो, दार लावून. तरी पेपर वाचला." मी त्यांना शांतपणे समजावलं की त्यांचे स्क्रीन बिघडलेले आहेत. दोघांचेही. एकाच आठवड्यात. (तर्कशास्त्राच्या परीक्षेत मी पहिला आलो होतो, हे तू लोकांना सांगत जाऊ नकोस.) माझा स्क्रीन कसा बिघडणार, तो नवा होता. तेव्हा दंतवैद्य म्हणाले, "वाद कशाला? गुरुवारी दुपारी माझ्या दवाखान्यात या, माझ्या स्क्रीनवर बघू."

गेलो. दाढा दाखवायचा त्यांचा मोठा स्क्रीन आहे, खुर्चीसमोर भिंतीवर. खुर्चीत एक पेशंट होता, तोंडात कापसाचे बोळे, जबडा बधिर होण्याची वाट बघत पडलेला. त्याला कोणी विचारलं नाही, त्याला नाही म्हणता येत नव्हतं. खिडक्या लावल्या. नळदुरुस्तीवाला पाना हातात घेऊनच आलेला. दंतवैद्यांनी आकडा ठेवला चाळीस आणि फ्लेअर सोडला. मग पेशंट "अँ! अँ!" करून बोट दाखवायला लागला. मदतनीस बाई हातातला ट्रे सांभाळत म्हणाल्या, "अगंबाई, ती बघा, किती स्पष्ट!" नळदुरुस्तीवाला म्हणाला, "तो मी." दंतवैद्य माझ्याकडे वळले, "काय शास्त्रीबुवा?" मीही म्हणालो, "हो की! वा!" आणि अचूक दिशेला बोट दाखवलं. (पेशंटच्या बोटाच्या रेषेत.) एकमताने ठराव झाला. आकडा चाळीस. कपाच्या डागाखालीही बहुधा तोच असावा, असं दंतवैद्य म्हणाले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

आणि शनिवार! ताई, तू असायला हवी होतीस. बरोबर दोन वाजून दहा मिनिटांनी बारा विमानं निघाली. मला मानाची जागा दिली होती, नळीपाशी. तिथलं काम एकच: वैमानिक "सोड" म्हणाला की सोडायचा, मनात सात मोजायचे, दुसरा सोडायचा. मी अनुष्टुभाच्या चालीवर मोजत होतो, एक चरण म्हटला की बरोबर वेळ भरते. पहिला सोडला. दुसरा सोडला. तिसऱ्याला दंतवैद्य किंचाळले, "सापडली! अगदी खाली!" आणि कुठल्या कुठल्या देशांतले आवाज एकदम कानात घुसले, कोणाची भाषा कोणाला कळत नाही, पण आनंद सगळ्यांना कळतो. नळदुरुस्तीवाल्याने रीतसर बुडी मारली आणि बुडता बुडता म्हणाला, "गुरुजी, शाब्बास, असा उजेड बघत मरायला हरकत नाही." तुझ्या भावाच्या हातून आयुष्यात सात मुलांकडून रूपं पाठ करून घेण्यापलीकडे काही घडलं असेल तर ते हे. दंतवैद्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की या दिव्याला माझंच नाव द्यायचं. मी नको नको म्हणालो, पण फार मोठ्याने नाही.

भावोजींना नमस्कार. मांजरीला यथायोग्य. पत्राचं उत्तर लगेच दे, आणि कृपा करून पोस्टकार्डावर नको.

तुझा धाकटा

ता. क. भावोजींना पाणबुडीत यायचं असल्यास नळदुरुस्तीवाल्याकडे शब्द टाकतो. कंबर वाकलेली असली तर उलट सोय आहे, छत ठेंगणं असतं.

ता. क. २. मी वर पाणबुडीचं जे बहारदार वर्णन केलं आहे, काळी काडी, फेसाची रेघ वगैरे, ते नऊशेच्या उजेडातलं आहे. शनिवारच्या उजेडातलं नाही. शनिवारचं मला जे कळलं ते कानांनी.

ता. क. ३. हे वेगळ्या कागदावर लिहितो आहे, तेवढा भावोजींना वाचून दाखवू नकोस. ताई, चाळीसच्या उजेडात मला ती दिसली नाही. दवाखान्यात नाही आणि शनिवारीही नाही. त्यांचे स्क्रीन ठीक आहेत. दिवेलागणीनंतर मी जिन्याच्या पायऱ्या मोजत उतरतो, सोळा आहेत. स्कूटरचा दिवा बिघडलाय असं हिला सांगितलं आहे. तो बिघडलेला नाही. आपले बाबा संध्याकाळनंतर एकटे कधीच बाहेर पडत नसत. मी लहान होतो, मला वाटायचं त्यांना घर आवडतं. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तुला खरं माहीत असणार. त्यांना हे कितव्या वर्षी सुरू झालं? आणि सुरू झाल्यावर त्यांना दिवसाउजेडी किती वर्षं वाचता येत होतं? मी एकोणपन्नासचा आहे. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ येत्या सोमवारची घेतली आहे, आणि जमलं तर तू ये. एकट्याने ऐकायची मला भीती वाटते.