वरची दोन बोटं माती

४ जून, मंगळवार
परदेशातल्या त्या अणुभट्टीच्या अपघातानंतरची माती आली. वीतवीतभर नळ्या, कुरणातल्या. पाठवणाऱ्या मार्थाबाई तिथल्याच शेतकरी. स्वतःच्या सरकारवर विश्वास नाही म्हणून पार पुण्याला, आमच्या प्रयोगशाळेकडे. चिठ्ठीत एकच प्रश्न: गाई कुरणात सोडू का?
आमचे प्रमुख, सर, म्हणाले, "जोशीबाई, हे तुम्हीच बघा." बारा वर्षांत पहिल्यांदा. बरं वाटलं.

७ जून
नळ्यांचे काप पाडून मोजले. किरणोत्सारी सीझियम जवळजवळ सगळं वरच्या दोन बोटांत. चिकणमातीने घट्ट धरलंय, खाली उतरायचं नाव नाही. दुसरं किरणोत्सारी द्रव्य, स्ट्रॉन्शियम, मात्र पावसाबरोबर खाली सरकलेलं. गवताची मुळं वरच. म्हणजे गवतात, मग दुधात.
नका सोडू, बाई. कच्चा अहवाल तसाच लिहिला.

१० जून
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, उद्यापासून रजा. निघताना नेहमीसारख्या कोऱ्या अहवालपत्रांवर सह्या करून दिल्या. आमच्याकडे पद्धतच आहे, कुणाच्या रजेपायी काम अडायला नको.

१८ जून
रुजू. अहवाल गेलासुद्धा. प्रत पाहिली. "चराईस हरकत नाही." खाली माझी सही.
सरांनी उरलेल्या नळ्या वरपासून खालपर्यंत एकत्र कालवून मोजल्या. तळच्या स्वच्छ मातीत वरची दोन बोटं हरवली, आकडा मर्यादेत. गवत काय सरासरीत उगवतं?

१९ जून
विचारलं. सर शांतपणे चहा ढवळत होते.
"अहो, ही पण मान्य पद्धत आहे. आणि तिथल्या सरकारच्या कृषिखात्याचं बोलावणं आलंय सप्टेंबरात. तुमचंही नाव दिलंय."
"सही माझी आहे, सर."
"म्हणूनच तर नाव दिलं."
माझ्या लग्नात वडिलांच्या जागी उभा राहिलेला माणूस. फसवलं मला. आणि कोरा कागद मीच दिला, हे जास्त लागतंय.

२५ जून
कोथरूडच्या बसमध्ये ह्यांना सांगितलं. "नोकरी जाईल, एवढं बघ," म्हणाले.

२ जुलै
मार्थाबाईंचं पत्र. गाई सोडल्या. "तुमची सही पाहिली आणि धीर आला." सोबत फोटो, नात दुधाचा पेला तोंडाला लावून.
सर दुपारी म्हणाले, ते जुने काप टाकून द्या आता. मी ते कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली माझ्या पर्समध्ये.
उत्तर लिहायला घेतलंय. 'गाई आजच आत घ्या. ती सही माझीच, पण'
इथवर लिहून झालंय.