घुबडाला तीन हाका

११ जानेवारी, नाटे
आधीच सांगते, शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. नववीत शाळा सुटली आणि मोबाइलवर एका बोटाने टाइप करते, म्हणून वेळ लागतो. अस्लम मामू म्हणाला रोज लिही, म्हणून लिहितेय.

मला काम मिळालं! मामू बोटीवरची नोकरी सोडून आलाय आणि आता त्याला पक्ष्यांचं वेड. एका संस्थेसाठी घुबडं मोजायची, नाट्यापासून मंडणगडपर्यंत, मामूच्या जुन्या जीपमधून. मी चार माणसांत तोंड उघडत नाही, पण घुबडाचा आवाज मला हुबेहूब जमतो. मामूला ठिपक्यांचं रानघुबड बघायचंय. त्याला तो बेगम म्हणतो. मुमानीने, म्हणजे मामीने, डबा भरताना ऐकवलं, मग जेवायलाही तीच वाढील. मामू म्हणाला, ती निदान दिवसभर झोपते तरी. मला इतकं हसू आलं.

काम सोपंय. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज झाली की आमराईच्या कडेला जीप लावायची. मी तीनदा हाक घालायची, मग पाच मिनिटं दोघांनी गप्प. उत्तर आलं की मामू दिशा आणि अंतर वहीत लिहितो. आज दोन पिंगळे बोलले. बेगम नाही.

१२ जानेवारी, पोफळी
वीज प्रकल्पाच्या वसाहतीच्या पुढे रानात थांबलो. तिसऱ्या हाकेनंतर उत्तर आलं. बेगमच! मामूने माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली. दोनशे पावलं, असं लिहिलं त्याने.

पण एक सांगू? दुसऱ्या हाकेला मला मध्येच खोकला आला होता. उत्तरातही तिथेच खोकला होता. मामू म्हणाला, वानर असेल.

१३ जानेवारी, खेडच्या पुढे
आज शंभर पावलांवरून. तसंच, खोकल्यासकट. आज मी खोकले नव्हते. रातकिडेसुद्धा गप्प झाले. मामू नुसता पेन धरून बसला. मग म्हणाला, गावातली पोरं चेष्टा करतायत. काच मात्र त्याने वर घेतली.

१४ जानेवारी, मंडणगड, सकाळ
टपरीवर चहा प्यायलो. टपरीवाली सखू आजी. मामूने हसत हसत तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, रानातलं ते दोनदाच हाक मारतं, म्हणून आम्ही तिसऱ्या हाकेबिगर ओ देत नाय. तिसरी माणसाची. तुम्ही रोज रानात जाऊन तीन-तीन मारता. त्याला तिसरी शिकवलीत की तुम्ही.

मामू म्हणाला, आजी, आजचा एकच थांबा उरलाय. बेगम दिसली की घरी.

मी नको म्हणायला तोंड उघडलं. आवाज नाही आला. नेहमीसारखंच.

तीच संध्याकाळ
मी हाक घातलीच नाही. आडोशाला जाऊन आले आणि गुपचूप मागच्या सीटवर गोधडीत शिरले. मामू बाहेर दुर्बीण पुसत होता, त्याला कळलं नाही मी परत आलेय.

झाडीतून आलं — मामू. माझा आवाज.

तो थांबला.

परत — मामू.

तो मोजत होता. ओठ हलताना दिसले मला.

तिसरी आली. तो म्हणाला, ओ, आलो गं. आणि गेला.

मी पाच हातांवर होते. एकदा ओरडले असते तर — आवाज नाही आला.

७.४०
चावी त्याच्याकडे. रेंज नाही. दारं आतून लावली.

८.१०
मामूचा आवाज. माझंच नाव, झोया. तीनदा. पाय मुरगळलाय म्हणतो, धरायला ये म्हणतो. तो असेल तर — आणि नसेल तर —

८.२५
परत तीनदा. आता रडतोय. मामूला रडताना मी कधी ऐकलं नाही. पण खरंच पाय मोडला असेल आणि मी इथे —

८.३१
रेंजची एक दांडी आली, गेली. मेसेज पडला. मामूच्या मुलाचा, रेहानचा, मस्कतचा व्हिसा लागला! दोन वर्षं मामू वाट बघतोय. केवढा खूश होईल. काच बोटभरच खाली करते, एवढंच सांगते आणि