रुळांवर टेकवलेला फोन

आई, दूध तापवलंय. मधल्या खोलीत पंखा लावू नकोस, स्टेशनामागची कागदी झाडं उडतात. बाबांची खेळण्यातली आगगाडी भरून ठेवायला तू आणलेली खोकी मी माळ्यावर टाकली.

त्या गाडीचे फोटो काढले. फोन उलटा करून रुळांवरच टेकवला, की कॅमेरा खाली जातो आणि वीतभर स्टेशन खरं वाटतं. आज सकाळी दवाखान्यात बाबांना दाखवले. आधी नुसतेच बघत राहिले. मग भुवया चढल्या. "गाढवे, इंजिनाचं तोंड डब्यांकडे? गाडी काय मागे जाणार?"

ऑपरेशननंतरचे पहिले शब्द, आणि तेही माझा उद्धार करणारे! सिस्टर धावत आल्या. मी हसत होते की रडत होते, देव जाणे.

इंजिन फिरवून नवे फोटो घेतलेत, ते दाखवायला निघाले. तूही ये बोलणी खायला.

काल डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, वाचा परत येईलच असं नाही.