नऊ तासांचं सोनं

१३ मार्च, शनिवार

वर्कशॉप उत्तम झालं. विषय माझा हातखंडा: वेळ मिळत नसतो, काढावा लागतो. टाळ्या भरपूर. पहिल्या रांगेतल्या बाई शेवटी डोळे पुसत होत्या. त्यांना सर्दी झाल्याचं नंतर कळलं.

परवा परतीच्या वाटेवर ताईच्या शहरात विमान बदलायचं आहे. मध्ये नऊ तास मोकळे. तिकीट ऑफिसने काढलं, माझा त्यात काही हात नाही. दुसरा कुणी असता तर एअरपोर्टवर पेंगत बसला असता. मी या नऊ तासांचं सोनं करणार. म्युझियम, नदीतली बोट, जुना बाजार. जमलं तर नवे बूट घेणं.

ताईकडे जावं का, हा प्रश्न येतोच. भावोजींना जाऊन दहा महिने झाले. तेव्हा जाणं झालं नाही, लागोपाठ वर्कशॉप्स होती. मग फोनवर 'येतो, येतो' सुरू झालं ते अजून सुरूच आहे. आता मी अचानक उगवलो तर तिला सगळं पुन्हा आठवणार. शिवाय ती लगेच स्वयंपाकाला लागणार. गुडघे दुखतात तिचे. नीट विचार केला तर न जाण्यातच तिचं भलं आहे.

बायकोचा फोन आला. मध्ये किती वेळ आहे, ताईंना भेटून होईल का, म्हणाली. दोनच तास आहेत, म्हणालो. नऊ तासांत दोन तास असतातच.

१५ मार्च, सोमवार. सकाळी

उतरलो. सामान ठेवायच्या काउंटरला कुलूप. तक्रार करायला दुसरा काउंटर आहे, त्यालाही कुलूप. म्हणजे दिवसभर बॅग ओढणं आलं.

बॅग भावोजींची. त्यांची फिरतीची नोकरी होती. रिटायर झाल्यावर मला दिली, म्हणाले, आता तू फिर. तिचं एक चाक तुटलं होतं, तिथे त्यांनी घरातल्या जुन्या कपाटाचं चाक बसवलंय. त्यामुळे ती लंगडत चालते आणि खडखड करून मध्येच टक्क वाजते. नवीन घ्यायची आहे कधीची. वेळ मिळत नाही.

चॉकलेटचा मोठा डबा घेतला. ताईकडे जायचं नाहीच आहे, पण समजा रस्त्यात भेटली तर रिकाम्या हाताने कसं भेटायचं.

१५ मार्च, थोड्या वेळाने

म्युझियम सोमवारी बंद. वॉचमन म्हणतो, वेबसाइटवर लिहिलंय. मी त्याला समजावलं की बाहेरगावचा माणूस सोमवारीही येऊ शकतो. तो म्हणाला, उद्या या.

पायऱ्यांवर बसून डबा उघडला. ताईला शुगर आहे की नाही ते आठवेना. भावोजींना होती. की ताईलाच होती? सख्ख्या बहिणीचं एवढंही माहीत नसावं म्हणजे कमालच. पण खात्री नसताना गोड नेणं धोक्याचं. चार खाल्ली.

१५ मार्च, दुपारी

बोटीत बसलो. गाइड म्हणाला, उजव्या काठाला बघा, घड्याळाचा टॉवर. त्या टॉवरच्या मागेच ताईची गल्ली. मी डावीकडे बघत राहिलो. डावीकडे गोदामं होती. अर्धा तास गोदामं बघितली. त्यातली काही बरी होती.

शेजारच्या आजीबाईंनी विचारलं की या शहरात तुमचं कुणी असतं का. नाही म्हणालो. मग त्यांना दोन चॉकलेटं दिली. मला आपलं उगीचच खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. म्हणजे खोटंच होतं ते. पण ओळख ना पाळख, त्यांना काय सांगत बसायचं?

१५ मार्च, दुपारीच

जुन्या बाजाराची बस पकडली. बस भलतीकडेच गेली. ड्रायव्हर म्हणे, समोर एवढी मोठी पाटी आहे. उतरलो तर समोर घड्याळाचा टॉवर. नशीब माणसाला कुठे नेईल सांगता येत नाही.

आलोच आहे तर ताई बरी आहे ना, एवढं लांबून बघून घेतो. पाच मिनिटांचं काम.

१५ मार्च, उन्हं उतरताना

टॉवरखालच्या बाकावर बसून लिहितोय.

गेलो होतो. अगदी मांजराच्या पावलांनी. गल्लीत दगडी फरशी आहे, त्यामुळे बॅग जराशी वाजली, पण भर दुपारी कोण ऐकतंय.

खाली दारावर पाटी अजून भावोजींच्या नावाची. लख्ख पुसलेली. बेलवर बोट ठेवलं. दाबलं नाही. पहिलं वाक्य काय बोलायचं तेच ठरलं नव्हतं. अवघड काम आधी उरका, असं मी वर्कशॉपमध्ये सांगतो, पण ते कामाबद्दल आहे. शिवाय डबा निम्मा झालेला. उष्टा डबा घेऊन बहिणीच्या दारात जाणं शोभत नाही.

समोरच्या सलूनच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो. सलूनवाला बाहेर आला आणि कोण पाहिजे म्हणाला. कुणी नको, दाढी करायचीय, असं तोंडातून गेलं. मग दाढी करावी लागली. सकाळीच केली होती. तोही जरा चक्रावला.

आरशात ताईची खिडकी दिसत होती. आणि खिडकीत ताई. किती वाळलीय. केस रंगवायचं सोडलेलं दिसतं. खाली बघत होती, कुणाची तरी वाट बघत असावी. नीट बघायला मी मान पुढे काढली. सलूनवाला म्हणाला, हलू नका.

तेवढ्यात तिने पडदा ओढून घेतला. दुपारची झोपत असणार. बरं झालं गेलो नाही, उगाच झोपमोड झाली असती.

१५ मार्च, एअरपोर्टवर

विमान लेट. उरलेली चॉकलेटं संपवली. वितळायला लागली होती.

ताईला निदान फोन करावा असं चारदा मनात आलं. पण इथे अनाउन्समेंट फार. तिला कळलं असतं एअरपोर्टवरून बोलतोय ते. तसं बायकोने तिला दोन तासांचं सांगितलंच असेल. मग कळायला काय हरकत होती? जाऊ दे.

दिवस एकंदरीत सार्थकी लागला. नदी बघितली, लोकल बसचा अनुभव घेतला, दाढी झाली. पुढच्या महिन्यात खास ताईसाठी वेगळा येणार. चांगले चार दिवस. पक्कं.

१६ मार्च, मंगळवार

घरी. गाल चरचरतायत. दोन तास कसे गेले, असं बायकोने विचारलं. बसून कंटाळलो, म्हणालो.

दुपारी ताईचा फोन. नीट पोचलास ना, म्हणाली. मग हळूच म्हणाली की काल जेवणं आवरून बसली होती, तेवढ्यात गल्लीत खडखड, टक्क ऐकू आलं. बावीस वर्षं तो आवाज आला की ती उठून दार उघडायची. कालही उठली. दारापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं.

मग खिडकीत आली, तर खाली मी. तिने दोन कप चहा टाकला. मी सलूनमध्ये शिरलेला दिसलो, तेव्हा तिला वाटलं, प्रवासातून आलाय, जरा नीटनेटका होऊन वर येतोय. वाट बघत उभी राहिली. मग मी आरशातून वर बघतोय हे तिला दिसलं आणि काय ते समजलं. तुला तिथून निघणं अवघड होऊन बसलं असतं रे, म्हणाली, म्हणून मीच पडदा ओढून घेतला.

मला खूप लाज वाटली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली की असू दे, दोन तासांत कुणाला काय जमणार, तुझ्या बायकोला मी काही बोललेले नाही.

मी म्हणालो, पुढच्या महिन्यात नक्की येतो. हो, ये, म्हणाली. पहिल्यापासून जशी म्हणते तशीच म्हणाली.

शेवटी विचारलं, जेवलास का. हो म्हणालो. जेवलो नव्हतो.