रविवारच्या नायिकेला वन्स मोअर

रविवार, मुलुंड

वांद्र्याहून बॅले बघून धाकटी जाऊ वैशालीबरोबर घरी आले. दारातच ती म्हणाली, "ताई, बॅलेला कोणी वन्स मोअर ओरडतं का? सगळे वळून बघत होते."

बघू देत. आम्ही नाटकं बघत वाढलो, आवडलं की ओरडतो. त्यात चुकलं काय?

तिकिटं दोन्ही दिवसांची होती. काल दोघींनी हाच बॅले बघितला, तेव्हा नायिकेचं काम करणारी नावाजलेली होती. एक पाऊल चुकलं नाही. गोष्टीत शेवटी नायिका मेली तेव्हा मला, इथे मध्यंतराला बटाटेवडा मिळत नाही, याचंच वाईट वाटत होतं.

आज तिच्या जागी नवखी पोरगी. गिरकी घेताना घसरली, गुडघा असा आपटला की बाल्कनीत ऐकू आला. उठली आणि तीच गिरकी पुन्हा घेतली, पहिलीपेक्षा जोरात. तेव्हाच ओरडले मी. शेवटी ती मेली, तर मला रडू आवरेना.

वैशाली म्हणते, कालचीच खरी. असेल. पण तो गुडघा! शेवटी वाकून नमस्कार करतानाही पोरगी तो जपत होती, आणि हसत होती.

"पुढच्या वेळी गप्प बसणार असाल तरच मी येईन," वैशाली म्हणाली.

मग नको येऊस, म्हटलं.