चर्च नेऱ्याला का गेलं नाही

पनवेल, ता. १४ नोव्हेंबर १९५५

तीर्थस्वरूप धर्मराजदादांना मेहुणा कमळाकर याचा प्रभूच्या नावाने सलाम. तुमच्या गुडघ्याची चमक प्रार्थनेने गेली की नगरच्या वैद्याच्या तेलाने, ते कळवावे. (दोघांनाही श्रेय द्यायला माझी हरकत नाही.) इकडे सर्व खुशाल. खुशाल म्हणजे काय दादा, कालच्या प्रकारापासून मला एका जागी बसवत नाही, तरी बसून लिहितो.

तुम्ही देऊ केलेल्या नेरे गावच्या शेतातल्या जागेत आमचं चर्च हलवावं, म्हणून वर्षभर सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा मीच. आमची घरं अकरा आणि चर्च भर बाजारात. पाळकसाहेबांनी डोळे मिटले रे मिटले की शेजारी जगन सुतार गाडीच्या चाकावर घण घालतो, माडीवर नाटकवाल्यांची तालीम रंगते (मागल्या रविवारी ‘आमेन’च्या जागी आम्हांला खलनायकाचं हास्य मिळालं), आणि समोर दाऊद पेंटर पाट्या रंगवताना गळा मोकळा सोडतो. या गोंगाटात देवाला काय ऐकू जाणार, असं माझं म्हणणं. काल उपासनेनंतर पाच पंचांच्या मतांनी सोक्षमोक्ष लागायचा होता.

त्यात काल उपकारस्तुतीचा, म्हणजे पहिलं पीक देवाला वाहायचा सण. नगरला या दिवशी वेदीपुढे कणसांचा नि भोपळ्यांचा ढीग लागतो. इथे आमच्यात शिंपी, मास्तर, कंपाउंडर. पीक आणणार कोण? टेबल रिकामं दिसलं की सगळे आपोआप नेऱ्याला राजी होतील, हा माझा डाव. पण सांगितलंच नाही असं कुणी म्हणायला नको, म्हणून दवंडीवाल्या विठूला निरोप दिला, की ज्याने त्याने आपल्या हातचं पहिलं काही आणावं. अकरा घरांपुरतंच, हे सांगायचं राहिलं. त्या भल्या माणसाने सगळ्या बाजारात दवंडी पिटली.

अहो, सगळा बाजार आला की! जगनने नवंकोरं चाक दारातून आत सोडलं, ते मधल्या वाटेने थेट व्यासपीठाकडे. पाळकसाहेब या वयात खुर्चीवर चढलेले मी प्रथमच पाहिले. दाऊदने ‘सर्वांचे स्वागत’ अशी पाटी आणली, पण रंग ओला, तो दोन पंचांच्या कोटांवर उमटला. नाटकवाल्यांनी नवं पद अर्पण केलं (कडवी बारा). आणि हौसा कोळीण मोरा बंदराहून जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे आपले खेकडे, टोपलीभर घेऊन आली. टोपली टेकली, झाकण सरकलं, आणि पेटी वाजवणाऱ्या शकूबाई अशा वरच्या सुरात गेल्या की नाटकवाल्यांनी टाळ्या दिल्या. मी बाकावर होतो. उभा.

मग पंच बसले. दोन मतं नेऱ्याला, दोन पनवेलला, उरलो मी. रिकाम्या टोपलीसाठी थांबलेली हौसा ते ऐकून कमरेवर हात ठेवून पुढे आली. “नेऱ्याला? माझा नातू तापानं फणफणला तवा याच दारात आनला मी. तुमच्या कंपाउंडरनं जगवला. आता तुमी देव शेतात नेऊन ठेवनार, न आमी बाजारवाल्यांनी कुठं जायाचं? आवाज व्हतो म्हनं! मानसं हायत, आवाज व्हनार नाय?”

दादा, मला लाज वाटली हो. हीच माणसं दिवसभर घण घालतात, रंगवतात, गातात, आणि नुसत्या दवंडीवर विश्वास ठेवून हातचं पहिलं घेऊन आमच्या दारात येतात. यांना सोडून मी भाताच्या खाचरांना शुभवर्तमान सांगायला निघालो होतो! माझा हात पनवेलसाठी वर गेला. इतका आनंद मला लग्नानंतर आजच होतो आहे. जगन तर उपासनेपुरता घण थांबवायला तयार आहे, दाऊदचं मात्र काही सांगता येत नाही. तुमची जागा परत करतो, राग मानू नये.

आपला,
कमळाकर

ता. क. एक चिंबोरी अजून सापडलेली नाही. शकूबाई पेटीला हात लावत नाहीत.

आणखी एक ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. निकाल नेऱ्याचाच लागणार या खात्रीने मी शनिवारीच आमचं बिऱ्हाड हलवलं; भांडीकुंडी, अंथरुणं बैलगाडीत भरून तुमच्या बहिणीला पुढे नेऱ्याला धाडलं. ती नको नको म्हणत होती. आज तिला आणायला गाडी पाठवली, ती रिकामी आली. गाडीवानाबरोबर चंद्रावतीचा निरोप आहे, की जा म्हणालात, गेले. आता ये म्हणता. दोन्ही वेळा मला विचारलं कुणी? दादा, खरंच नाही विचारलं. मी स्वतः जायला तयार आहे. तिथे दारात उभं राहून काय बोलायचं, तेवढं उलट टपाली कळवा.