खुर्ची आज घरातच आहे

स्टॅन,

मी ट्रुडीताईकडे मिलवॉकीला जातेय. गाडी एकटीनेच बर्फातून उकरून काढली. समोरच्या मिसेस ड्वोराक खिडकीतून ओरडल्या, "अगं, नवरा कुठाय तुझा?" म्हटलं, "पाठ धरलीय त्याची." काल बोलिंग खेळायला जाताना मात्र छान सुटली होती!

बर्फ वितळायला पायऱ्यांवर मीठ टाक, नाहीतर पोस्टमन आपटेल. सूप फ्रिजमध्ये आहे. ते गरम करायला पाठ लागत नाही.

गाडी लावायला उकरलेली जागा राखायला गल्लीत सगळेच तिथे खुर्ची ठेवून जातात. दर हिवाळ्यात मीही ठेवायचे, कारण परत यायचं असायचं. आज खुर्ची स्वयंपाकघरातच आहे. ती जागा ज्याला हवी त्याला खुशाल घेऊ दे.

डोलोरेस